दोन सीटांची गाडी

गाडीला दोनच सीटा आहेत हे सांगताना मी अजून थोडी घाई करते. समोरचा माणूस "अरे वा" म्हणेपर्यंत माझं पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. पार्किंगला बरी पडते, अमरावतीच्या गल्ल्यांत पटकन वळते, आणि तसंही आता घरात आम्ही दोघंच. तिन्ही कारणं खरी आहेत. गाडी त्यातल्या एकाही कारणासाठी घेतलेली नाही.

मी भूल देणारी डॉक्टर आहे. अमरावतीतल्या चार-पाच हॉस्पिटलांत फिरते. पेशंट सर्जनचं नाव जन्मभर सांगतो, सदरा वर करून टाक्यांची खूण दाखवतो, आणि भूल कुणी दिली विचारलं तर म्हणतो, होत्या एक बाई. याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती इथे नको. दिवसभर मी दुसऱ्याच्या श्वासाकडे बघत उभी असते, आणि एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात जाताना गाडीत असते तेवढीच काय ती माझी मी असते. गाडी चालवायला आवडते असं म्हणणं कमी होईल. मला गाडी पळवायला आवडते. पन्नाशी उलटलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या बाईने हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून फारसं कुणाला सांगत नाही.

आधीची गाडी साधी होती, पाच जणांची. तिने माझ्यापेक्षा माझ्या आईची सेवा जास्त केली. आई अकोल्याला राहते. हिवरखेडला बरीच वर्षं अंगणवाडी चालवली, मग बाबांच्या बदलीबरोबर अकोल्याला आली ती तिथलीच झाली. बाबा गेल्यापासून एकटी आहे, पण ते नावाला. विहारातल्या तीन मैत्रिणी सकाळ-संध्याकाळ घरात असतात. त्यांची मी मनातल्या मनात ठेवलेली नावं सांगते, कारण खरी सांगायची नाहीत: गुडघेवाली, गाणारी, आणि जिला गाडी लागते ती.

दरवर्षी दसऱ्याला या चौघींना नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचं काम माझं. आदल्या संध्याकाळी मी अमरावतीहून अकोल्याला जायची. सकाळी चौघी पांढऱ्या साड्या नेसून, डबे-पिशव्या घेऊन दारात तयार. पुढची सीट आईची. गाडीवालीची माय म्हणून तो तिचा मान होता, आणि तिथे ती कुणाला टेकू देत नसे, गुडघेवालीलासुद्धा नाही. एसी चालू असला तरी चौकापर्यंत काच खाली ठेवायची, म्हणजे किराणावाल्याने बघावं, रसवंतीवाल्याने बघावं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माह्या पोरीची गाडी हाये. दरसाली नेते आमाले." वर्षभर कुणापुढे कशाची बढाई न मारणारी बाई त्या एका सकाळी पुरेपूर वसूल करायची.

मागे गाणारी मूर्तिजापूरपासून जी सुरू व्हायची ती कोंढाळीपर्यंत थांबायची नाही. गाडी लागणारीसाठी दर थोड्या वेळाने थांबायचं. चिवडा सगळ्या गाडीभर. मी जरा वेग घेतला की मागून गुडघेवाली म्हणायची, "एवढ्या जोरानं काहून पळवून राह्यली व? नागपूर पळून चाललं काय?" मग सगळ्या हसायच्या, आणि मीही हसायची. पण खरं सांगायचं तर मी आतून चडफडत असायची. हे एका दिवसाचं झालं. बाकीचं वर्षही तसंच होतं. कुणाचा साखरपुडा अंजनगावला, कुणाला दवाखान्यात दाखवायचं, कुणाच्या पोरीला पाहायला पाहुणे. "तिची गाडी हाये नं" हे वाक्य आमच्या नात्यागोत्यात पत्त्यासारखं पाठ होतं. मी तोंडाने "येते ना, त्यात काय" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर भांडी आपटायची. नवरा बँकेत आहे, स्कूटरवर जातो-येतो. तो म्हणायचा, नाही म्हणून सांग. नाही म्हणायला तोंड लागतं, ते मला कधी फुटलं नाही.

मग ती गाडी थकली आणि नवी बघायची वेळ आली. बायपासवर एक जण मोठ्या शहरांतल्या वापरलेल्या भारी गाड्या आणून विकतो. त्याच्याकडे दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या होत्या. एक राखाडी सेडान, लांबलचक. मागे बसलं की दिवाणखान्यातल्या कोचावर बसल्यासारखं. दिसायला साहेबाची गाडी, पण इंजिन असं की बायपासवर पाय टाकला तर ट्रकांची रांग मागे कधी गेली ते कळू नये. दुसरी छोटी, गडद हिरवी, जमिनीला पोट लावून बसलेली. दोन दारं, दोन सीटा, मागे एक बॅग मावेल एवढीच जागा. वेगात म्हणाल तर सेडान तिला हार जायची नाही. पण सेडान तुम्हाला नेते, आणि ही तुम्ही नेता. वळणावर हातात रस्त्याचा खडा न् खडा कळतो. मी ती चालवून परत आले तेव्हा गाडीवाला काहीतरी मायलेजचं बोलत होता आणि मला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं.

नवऱ्याने दोन्ही पाहिल्या. "सेडान घे," तो म्हणाला, "तुझा वेगही होतो, आणि चार माणसं बसतात."

चार माणसं बसतात हीच तर अडचण होती. हे मी त्याला सांगितलं नाही. स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं, पण मागची सीटच नसलेली गाडी पाहिल्याबरोबर माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. या गाडीत मला कुणी काही मागू शकणार नव्हतं. नाही म्हणायचं काम गाडीच करणार होती.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मीच आईला फोन करून न विचारता छोट्या गाडीचे गुण सांगायला लागले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोनच शिटा? मंग बाकीचे कुठी बसतीन?"

"बाकीचे कोण?" मी म्हटलं. जसं काही मला माहीतच नव्हतं.

"कोणी नाई," म्हणाली. "मी आपलं इचारलं."

आमच्या घरी एक रीत आहे. घरात वाहन यायचं तर ते आधी आईने बघायचं, आणि आल्यावर पहिल्यांदा आईने बसायचं. बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवरही आधी तीच बसली होती. त्यामुळे एका रविवारी ती महामंडळाच्या बसने अमरावतीला आली आणि मी तिला बायपासवर घेऊन गेले.

आधी सेडान. मी पुढचं दार उघडलं, तर ती मागचं दार उघडून मागे बसली. खिडकीशी बसली, मग सरकून मधे बसली, मग दुसऱ्या खिडकीशी. तिथून काच खाली-वर करून पाहिली. "अठी लागणार नाई तिले," ती म्हणाली. "वारा चांगला येते." मग पाय लांब करून पाहिले आणि म्हणाली, "गुडघे बी मावतेत." ती गाडी स्वतःसाठी बघतच नव्हती. मला ते स्पष्ट दिसलं आणि मी गाडीवाल्याला सर्व्हिसिंगबद्दल काहीतरी विचारायला लागले.

मग छोटी. आत मऊ, फिकट रंगाचा गालिचा होता. आईने तो पाहिला, चपला बाहेर काढून ठेवल्या आणि दार धरून हळूहळू आत उतरली. उतरली असंच म्हणायला हवं, त्या गाडीत चढता येत नाही. मी माझ्या बाजूने बसले, गाडी सुरू केली आणि निघाले. चपलांचं ना तिच्या लक्षात आलं ना माझ्या. बायपासला गर्दी नव्हती. मी गिअर टाकला, पाय दाबला, आणि मग मला थोडा वेळ आईसकट कशाचंच भान राहिलं नाही. ती एका हाताने दाराचा दांडा धरून बसली होती. "हळू" म्हणाली नाही. रस्त्याकडेही बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

परत येताना एका रसवंतीपाशी थांबले. "उतर," म्हटलं, तर म्हणाली, "कशी उतरू? चपला तं तठीच राह्यल्या." आम्ही दोघी इतक्या हसलो की रसवाला बघायला लागला. मी रसाचे ग्लास खिडकीशी आणले. तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "छोटीच घे."

"काहून?" मी विचारलं. आईशी बोलताना माझीही भाषा वळते.

"मले दिसलं नं. गाडी चालवताना तू हासून राह्यली होती. बारावीचा निकाल लागला तवा हासली होती तशी."

त्या वेळी मी विचारायला हवं होतं, आणि बाया? शब्द तोंडात होता. तो मी रसाबरोबर गिळला. उलट इतक्या चपळाईने "बरं, तू म्हणतेस तर" म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. आम्ही परत गेलो तेव्हा वॉचमनने आईच्या चपला उचलून सेडानच्या मागच्या दाराशी जोडीने ठेवल्या होत्या. घेणार ती सेडानच, असं त्याला वाटलं असावं. आईने त्या पायात घातल्या आणि सेडानवर एकदा हात फिरवला.

त्यानंतर नवऱ्याने विचारलं, नणंदेने विचारलं, हॉस्पिटलात विचारलं. प्रत्येकाला मी एकच सांगितलं: "आईनेच सांगितलं, छोटी घे." आईचा शब्द मोडायचा नाही या आपल्या वळणाचा इतका सोयीस्कर उपयोग मी आधी कधी केला नव्हता. लोकांना गहिवरून यायचं.

गाडी घेऊन पहिल्यांदा अकोल्याला गेले. आईने आत बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील म्हटलं, आणि बाहेर येऊन गाडीत बसली. रीत पार पडली. बाहेर तिघी उभ्या होत्या. गाणारीने पुढून आरशाला झेंडूचा हार अडकवला, मग ती गाडीला एक फेरी मारून आली, मग दुसरी. "मागचं दार कुठून उघडते व हिचं?" तिने विचारलं.

मी काही बोलायच्या आत आईच बोलली. "खेळातली गाडी हाये थे. हिले मागचं दार नसते."

"असं काय," गाणारी म्हणाली. गाडी लागणारीने काचेतून आत डोकावून पाहिलं आणि मागे फक्त बॅगेपुरती जागा पाहून बाजूला झाली. गुडघेवालीने माझ्या पाठीवर हात ठेवला. "लय भारी आणली माय," म्हणाली. पेढे वाटले गेले.

नंतरचे महिने मी ती गाडी मनसोक्त चालवली, हे लपवत नाही. साखरपुड्यांचे फोन बंद झाले. दवाखान्याचे फोन बंद झाले. हवं होतं तेच झालं. पहाटेच्या सिझेरियनला निघताना रिकाम्या रस्त्यावर ती हिरवी गाडी अशी जायची की मी एकटीच हसायची. आणि शेजारच्या सीटवर नजर गेली की हसू जायचं. आईही काही मागेनाशी झाली. डोळे तपासायला ती एकदा बसने अमरावतीला येऊन गेली आणि मला परत पोहोचल्यावर कळवलं. "तू कामात असशीन म्हून," म्हणाली.

दसरा जवळ आला तसं मला राहवेना. मी फोन केला आणि म्हटलं, चौघींसाठी मी मोठी गाडी करून देते, चांगल्या ड्रायव्हरसकट. मी माझ्या गाडीने मागोमाग येते. आई म्हणाली, "भाड्याच्या गाडीनं तं कोणीई जाते." तिचा आवाज रागाचा नव्हता, त्यामुळे मला आणखी लागलं. "दसऱ्याले जादा गाड्या सोडतेत. आमी महामंडळाच्या गाडीनं जातो."

"त्यांना जाऊ दे. तू माझ्याबरोबर चल. तुझी सीट आहे की."

"बरं," ती म्हणाली. "तू ये तं खरी."

या 'बरं'वर मी इतकी खूश झाले की काय सांगू. निदान आई शेजारी असेल, निदान तिचा मान राहील, असा हिशोब करून मी आदल्या संध्याकाळी अकोल्याला पोहोचले. सकाळी आंघोळ करून बाहेर आले तर दारात चौघी पांढऱ्या साड्यांत उभ्या, आणि कोपऱ्यावर ऑटो. आईने गाडीचं दार उघडलं, गुडघेवालीला दंडाला धरून आत उतरवलं, तिची पिशवी तिच्या पायाशी ठेवली, आणि मला माहीत नव्हतं की तिला येतं, पण सीटचा पट्टा ओढून खटकन लावला.

"आई, हे काय?"

"तिले बसमंधी उभं राहवत नाई. तू हिले घेऊन जा. मी या दोघींसंग येतो."

"तुला तरी कुठे राहवतं?"

"मले काई होत नाई. जागा भेटते. आता वाद नको घालू, उन्ह होईन." आणि ती ऑटोत दोघींच्या मधे जाऊन बसली. ऑटो चौकातून वळला तेव्हा तिने किराणावाल्याकडे पाहिलं नाही.

मी निघाले. काय करणार होते? गुडघेवाली अकोला संपेपर्यंत एका हाताने दाराचा दांडा आणि दुसऱ्या हाताने पिशवी धरून बसली होती. रस्ता मोकळा होता, गाडी मागत होती, आणि मी ती बैलगाडीसारखी चालवत होते. मूर्तिजापूर मागे पडल्यावर ती जरा सैलावली. पाय लांब केले. सीटच्या कडेवरून हात फिरवत म्हणाली, "तुले खरं सांगू काय? आमाले वाटलं होतं, पोरगी आमाले कटाळली. म्हून अशी गाडी आणली."

मी समोर बघत राहिले. नाही म्हणायला मला याही वेळी तोंड फुटलं नाही.

"मंग तुह्या मायनं सांगितलं, तवा समजलं," ती म्हणाली. "म्हने, पोरीनं मुद्दाम दोनच शिटाची घेतली. चौघीले कोंबून नेन्यापरीस एकेकीले मानानं नेतो म्हनते, पुढं बसवून. दरसाली एक. या साली माहा नंबर लागला, माहे गुडघे दुखतेत म्हून. पुढच्या साली गानारीचा. मंग तिचा, जिले गाडी लागते. लय चांगला इचार केला व तू. आमी तिघी रडलो त्या दिवशी."

"आणि आईचा?" मी विचारलं.

"तिचा शेवटी. तिनं सोताच मागं लावून घेतला. मी म्हनलं तिले, बाई, अठ्ठ्याहत्तरची झाली तू, तोवर राहशीन काय? तं हासली."

तिने पिशवीतून चिवड्याची पुडी काढली, माझ्यापुढे धरली, आणि गालिच्यावर सांडू नये म्हणून खाली पदर पसरला. मी चिमूटभर घेतला. रस्त्याच्या कडेला जादा बस म्हणून पाटी लावलेली एक एसटी हात दाखवणाऱ्या माणसांसाठी थांबत होती. ती आईची होती की दुसरी, कुणास ठाऊक. आईने माझ्यासाठी सांगितलेलं ते खोटं खोडायचं तर या बाईला माझ्या तोंडाने सांगावं लागणार होतं की मी तुम्हाला कंटाळले होते. आणि ते खरं करायचं तर शेजारच्या सीटवर आई येईपर्यंत तिला आणखी दोन दसरे मला बसनेच पाठवावं लागणार होतं.